कार्पच्या आवाजाची वाटणी

मी, लेनर्ड स्टॅनिस्लॉस झुरावस्की, वय चौऱ्याहत्तर, धंदा घरोघरचे बॉयलर दुरुस्त करण्याचा (आता बंद), राहणार डंकर्क, न्यूयॉर्क राज्य, ही माझी शेवटची व्यवस्था राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी लेखी दिलं आहे. हृदयाबद्दल त्यांचं मत तितकंसं चांगलं नाही, म्हणून ही घाई. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी माझी होडी ज्याला दिली होती, तो माणूस आणि ती होडी, दोघंही आता उरलेले नाहीत.

वकील ओडेट क्रेन यांनी थोडक्यात लिहायला बजावलं आहे. प्रयत्न करतो. मालमत्ता फार नाही. भांडण लागेल अशी वस्तू एकच आहे, तळघरातल्या लोखंडी पेटीतली चार पट्ट्यांची ध्वनिफीत. माझा गाण्यातला जोडीदार ऑगस्ट पेलेग्रिनो, म्हणजे गस, याला ती हवी आहे. माझी मुलगी टेरेसा म्हणते, ती इरी तलावात फेका. फितीत काय आहे हे गसला माहीत आहे. टेरेसाला माहीत नाही. बाकीची सगळी कलमं त्या एका कलमाकडे जाण्याची वाट आहेत, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

कलम पहिले, घर. घर टेरेसाला. विकायचं असेल तर उन्हाळ्यात विकावं, कारण हिवाळ्यात आमच्या गल्लीत घर बघायला येणाऱ्याला नुसता बर्फ दिसतो. वरच्या न्हाणीघरातला पाय असलेला लोखंडी टब मात्र विकण्याआधी तिने एकदा नीट पाहून घ्यावा. कारण पुढे येईल.

कलम दुसरे, हत्यारं आणि गाडी. माझी गिऱ्हाइकं आता वांडा ओर्तिझ सांभाळते. हत्यारं तिला. मोठा पाना तिने दोन वर्षांपूर्वी उसना म्हणून नेला, तोही तिचाच, आता तरी परत आणायचं नाटक करू नये. गाडी तिलाच. तिच्या भोंग्यातून नाताळचं गाणं वाजतं, ते बंद करता येत नाही. मी पुष्कळ खटपट केली.

कलम तिसरे, अंत्यविधी. चर्चमध्ये जे नेहमी गातात तेच गावं. नंतर आमच्या पोलिश क्लबात जेवण, पिएरोगी म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, कोबीच्या आणि बटाट्याच्या दोन्ही, बिल माझ्या बँकेतल्या शिलकीतून. उरेल ते टेरेसाला. जेवणाच्या वेळी बँड असेल तर त्याने ते एक गाणं वाजवू नये. कोणतं, ते सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाला बँडने ते मूळचं प्रेमगीत वाजवलं आणि अख्ख्या हॉलने, नवरीच्या आजीसकट, आमचे शब्द गायले. नवरा ओहायोचा, त्याला यातलं काही ठाऊक नाही. नवरीला मिठीत धरून तो बिचारा उभा, आणि भोवती दोनशे माणसं टबाच्या बुचाबद्दल गळा काढताहेत. कोणी चेष्टा करत नव्हतं. मूळ शब्द कोणाला आठवतच नव्हते.

आता ते गाणं. आमच्या पोलिश घरांत नाताळच्या आदल्या संध्याकाळी मांस नसतं, कार्प मासा असतो. तो ताजा हवा म्हणून दोन दिवस आधी जिवंत आणून टबात सोडायचा, ही आजोबांच्या गावची रीत. दोन दिवस घरात कोणाची अंघोळ नाही. पोरं माशाला नाव ठेवतात आणि मग ऐन जेवणाला कोणी घास उचलत नाही. मी आणि गस दर डिसेंबरला रेडिओवरच्या गाजलेल्या गाण्यांना नाताळचे शब्द बसवून क्लबात म्हणायचो. माझे नियम कडक होते. मूळ गायक जिथे श्वास घेतो तिथेच आपण घ्यायचा. टिंगल गाण्याची करायची नाही, आपली करायची. एक्क्याऐंशी साली लांब केसांच्या एका बँडचं संथ गाणं फार चालत होतं, मला सोडून जाऊ नकोस अशा अर्थाचं. ते मी कार्पला दिलं. टबातला मासा घरच्या बाईला विनवतो:

बूच काढू नको, बाई, बूच काढू नको,
मी गुपचूप पोहतो, तू साबण आणू नको.

शेवटी मूळ गायक जिथे चढतो तिथे माझा आवाज फाटायचा आणि गसचा तर निघायचाच नाही. आम्ही ते घरीच, वरच्या न्हाणीघरात फितीवर उतरवत होतो आणि माझी बायको डोलोरेस दारात उभी राहून ऐकत होती. ती चर्चच्या गायनवृंदात वरच्या पट्टीत गायची. म्हणाली, "दोघं बोकडासारखे काय ओरडताय? सरका." घुमारा चांगला येतो म्हणून ती कोरड्या टबात मांडी घालून बसली आणि हातात माइक घेऊन एका दमात गायली. पण वृंदाचे प्रमुख ग्लोवाकी यांनी ताकीद दिली होती की नाताळच्या आधी कोणी असली बाजारू गाणी म्हटली, तर मध्यरात्रीच्या प्रार्थनेतलं एकटीने गायचं गाणं तिच्याकडून काढून घेतलं जाईल. म्हणून तिचं नाव कुठे घ्यायचं नाही असं तिने आम्हा दोघांकडून वदवून घेतलं. गावच्या रेडिओवर निवेदकाने विचारलं, "हा मासा कोण हो?" गसने छाती पुढे काढली. "मीच की! बारीक आवाज काढून."

त्या दिवशी त्याने डोलोरेसवर उपकार केले, हे मी मान्य करतो. पण त्र्याऐंशीच्या वसंतात डोलोरेस गेली, टेरेसा तेव्हा अडीच वर्षांची होती, आणि गस मीच की, मीच की म्हणतच राहिला. त्याने चमकत्या कागदाच्या खवल्यांचा पोशाख शिवून घेतला. क्लबाने त्याला ढाल दिली. स्टेजवर आवाज फितीतून येतो आणि गस तोंड हलवतो. दरवर्षी तो ते इतकं छान करतो की मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

टेरेसाचा राग वेगळा आहे. शाळेत पोरं तिच्याकडे बघून माशासारखं तोंड उघडझाप करायची. त्याहून मोठं म्हणजे, आई गेली त्याच वर्षीच्या डिसेंबरला बाप क्लबात लाल टोपी घालून उभा होता, हे तिला पुढे कोणीतरी सांगितलं. खरं आहे, होतो. डोलोरेस आता फक्त तिथेच ऐकू येत होती. घरात एकट्याने ती फीत लावायची माझी छाती नव्हती, आणि चारशे माणसं हसत असली की मला ते ऐकणं जमायचं. मला तिची फार आठवण येत होती. दुसरं काही कारण नाही.

टेरेसा सोळा वर्षांची असताना मी तिला सांगून पाहिलं. स्वयंपाकघरात रेडिओवर ते गाणं लागलं, तिने उठून खटकन बंद केलं.

"तेरेस्का, तो आवाज गसचा नाही. तुझ्या आईचा आहे."

"डॅड, प्लीज. निदान आईवर तरी जोक नको करू."

"जोक नाही गं."

"तू दर डिसेंबरला हेच म्हणतोस."

तेही बरोबरच होतं. आयुष्यभर लोकांना हसवलेल्या माणसाकडे त्या फितीशिवाय पुरावा नव्हता, ती घरात लावणं मला जमणार नव्हतं, आणि एकच साक्षीदार होता, तो खवले घालून बक्षिसं घेत होता. मी तिची कॉफी भरून दिली आणि विषय सोडला.

कलम चौथे, गस. वकीलबाईंनी सांगितलं की या राज्यात मृत्युपत्राच्या साक्षीदाराला मालमत्तेत वाटा ठेवला तर तो टिकत नाही. ऐकून मला फार बरं वाटलं. मी लगेच गसला क्लबात गाठलं आणि साक्षीदार हो म्हटलं.

"म्हणजे मला काहीच नाही मिळणार, लेनी?"

"काहीच नाही. गिटारसुद्धा नाही."

"आणि फीत?"

"टेरेसाची."

त्याने बिअरचा ग्लास टेबलावर फिरवला. "तिला सांगणार?"

"सांगून झालंय. पटलं नाही. तू सही करशील तेव्हा पटेल."

"मग डिसेंबरला मी काय करू रे? लोक माझ्यासाठी येतात."

"खवले घाल आणि तोंड हलव. आजवर काय वेगळं केलंस?"

तो हसला नाही. मीही नाही. मग म्हणाला, "वरच्या सुरात चढताना तिने डावा हात टबाच्या काठावर आपटला होता. आठवतंय? तेवढं मी अजून करतो." मला आठवत नव्हतं. हे त्याने आधी सांगितलं असतं तर त्याच्यावरचा राग थोडा कमी ठेवला असता. खवल्यांचा पोशाख त्याचा त्यालाच राहू द्यावा.

कलम पाचवे, फीत. ही टेरेसाला, एकटीला. फेकायची असेल तर फेकावी, पण आधी एकदा ऐकावी. यंत्र त्याच पेटीत आहे. तेरेस्का, एक, दोन आणि तीन नंबरची बटणं खाली ओढ म्हणजे गिटार, ढोल आणि मी, तिघंही गप्प होऊ. चौथ्या पट्टीवर फक्त तुझी आई आहे.

गाण्याच्या शेवटी तान्हं मूल रडतं. गावाला वाटतं तो आमचा विनोद आहे, म्हणून दरवर्षी सगळा क्लब तिथे बाळासारखा रडून दाखवतो आणि तू उठून बाहेर जातेस. ते रडणं तुझं आहे. तू शेजारच्या खोलीत जागी झाली होतीस. रेडिओसाठी आम्ही फीत तिथेच कापली. मूळ फितीत पुढे माइक टबात पडल्याचा आवाज आहे आणि मग ती म्हणते, "आले गं माझी राणी, आले, रडू नको." पावलं ऐकू येतात. मग तू गप्प होतेस.

एवढीच माझी मालमत्ता. सही माझी.

लेनर्ड एस. झुरावस्की

साक्षीदार पहिला: लेनर्डने माझ्यासमोर सही केली. मृत्युपत्र करणाऱ्याच्या सांगण्यावरून सगळा मजकूर वाचला. आवाज डोलोरेसचा आहे. मी नुसतं तोंड हलवत होतो. ऑगस्ट पेलेग्रिनो.

साक्षीदार दुसरी: एलिनोर माझुर, क्लबाचा बार सांभाळते. दोघांच्याही सह्या माझ्यासमोर झाल्या. गसला सही करायला वेळ लागला.

ठिकाण: डंकर्क. तारीख: एक डिसेंबर, दोन हजार तेवीस.