पाचारण

सोम. ८ जाने. ७३
राजीनामा लिहिला. चार कागद फाडले, पाचवा उतरला. 'मला प्रभूचे पाचारण झाले असल्याने शिक्षकपदाचा राजीनामा देत आहे.' अक्षर झकास. दिवाळीत रिकाम्या वर्गात मला नावानं हाक आली, ती 'बोलावणं' म्हणून उरकायची नव्हती. नगरच्या पाळकसाहेबांचा शब्द आहे, ईस्टरपासून मिरजगावच्या चर्चची मंडळी माझ्याकडे, पाळक म्हणून.
सगुणा रेशनची मिलो ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जातंय आन् तुमी मास्तरकी सोडा. मला न्हाई झालं पाचारण."

शुक्र. १९ जाने.
तालुक्याच्या ऑफिसातून कागद परत. लाल शाईत शेरा: 'श्री. प्रभू कोणत्या कोर्टाचे? केस नंबर कळवावा. तोवर मंजुरी नाही.' मी पोट धरून हसलो. हेडमास्तर हसले नाहीत. "केस आहे का हो?"

मंगळ. २३
ऑफिसात गेलो. टेबलाशी बबन, माझा जुना विद्यार्थी, आता क्लार्क. बसा म्हणाला नाही. पाचारणाचा अर्थ समजावला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, सातवीत वाक्य तुमीच दिलं हुतं. पोलिसांनी आरोपीस पाचारण केले. माझं चुकलं तर शंभर येळा लिवून घेतलं, वर पेरांवर पट्टी. अजून ध्यानात हाय."
गाढवाला नेमकं तेवढंच ध्यानात. मुद्दाम करतोय की खरंच कळत नाही? चेहऱ्यावरून काही समजेना. पट्टी मारताना चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

शुक्र. २ फेब्रु.
गावभर झालंय. गुरुजीवर केस हाय. त्याबिगर पेन्शनची नोकरी कोन सोडंल? पोरीबाळीचं कायतरी आसंल.
वर्गातल्या तीन मुली आल्या नाहीत. एकीच्या घरी गेलो. आई दारात आडवी. "पोरगी खडीवर गेली." मागे पोरगी भाकरी थापताना मला दिसत होती. अठरा वर्षं या गावात.

रवि. ११
नगर. पाळकसाहेबांना सलाम केला, त्यांनी हात पुढे केला नाही. बातमी माझ्याआधी पोचली होती. "विश्वास आहे हो तुमच्यावर. पण ऑफिसचा मंजुरीचा कागद आणा, त्याशिवाय चर्चची पंच कमिटी ऐकणार नाही." चहा न विचारता उठले.

मंगळ. २०
बबननं तोड काढली. "पाचारण खोडा. घरगुती अडचणीमुळं आसं लिवा, चार दिसात मंजूर करून देतो." लिहून दिलं. उभ्यानं, त्याच्याच पेनानं. वाचून त्यानं 'अडचणि'वर बोट ठेवलं. "दुसरी वेलांटी, गुरुजी. ऱ्हाऊ द्या, पट्टी न्हाई मारत."
बाकीचे क्लार्क हसले. वेलांटी दुरुस्त केली.
घरी सांगितलं. सगुणा म्हणाली, "कोंबडं आरवलं का मग?" कोंबडं आरवायच्या आत प्रभूला नाकारणाऱ्या शिष्याची गोष्ट बायबलातून मीच शिकवली तिला. जेवलो नाही, तिनं आग्रहही केला नाही.

सोम. २६
मंजूर. हे.मा.नी कपाटाची किल्ली मागून घेतली. बस, एवढाच निरोप.

रवि. ४ मार्च
पंच कमिटी. मंजुरीचा कागद ऐटीत पुढे ठेवला. पाळकसाहेबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. "घरगुती अडचण. म्हणजे पाचारण नव्हतं?"
होतं, साहेब.
"मग हे खोटं लिहिलंत?"
कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ठरलं असं: पुढच्या रविवारी उपासनेत उभं राहून सांगायचं, दोन्हीतलं खरं कोणतं. मिरजगावचं मग बघू. नोकरी गेली, मंडळी मिळेना. स्वतःचीच शिसारी येते.

शनि. १०
उद्या सांगायचं. चार कागद फाडले.
सगुणानं सोमवारपासून खडीवर दोघांची नावं घातली. मला विचारलंही नाही. म्हणाली, "मुकादम म्हनला, शांतवन गुरुजी लिवू का? म्हटलं, नुसतं शांतवन लिवा. सकाळी नावानं हाक मारतो, आली की हाय म्हनायचं."
भांडणार होतो. पण दिवाळीत त्या वर्गात नेमकं काय ऐकू आलं ते कागदावर उतरवत होतो, तिथंच अडलो. एकच शब्द होता. शांतवन. गुरुजी नव्हतं त्यात.
पाचवा कागद कोराच आहे.