पासवर्ड मी तोडला, अशी जी बातमी आहे

मु. बोरखेडी, ता. दिग्रस
४ डिसेंबर २००६

आदरणीय किसनमामांना संघदीपचा सप्रेम जय भीम.

मामींचा गुडघा आता बरा असेल. इकडे आई ठीक आहे. मी मात्र अचानक प्रसिद्ध झालो आहे आणि त्याच धास्तीने हे पत्र लिहितो.

मी दिग्रसला तीन महिने कॉम्प्युटर शिकलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. (त्यातला एक महिना लाइन नव्हती.) मला अर्ज टाइप करता येतो आणि त्यातली अक्षरे जाड करता येतात. पण मागच्या आठवड्यात केबलवर एक पिच्चर लागला. त्यातला हीरो डोळ्यांवर पट्टी बांधून खटाखट बटणे दाबतो आणि अर्ध्या मिनिटात दुश्मनाची मिसाइलं माघारी फिरतात. (माऊसला तो हातही लावत नाही.) तेव्हापासून गाव माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहते.

गुरुवारी कापूस खरेदी केंद्राचे साहेब साळ्याच्या लग्नाला गेले, ते पासवर्ड सोबत घेऊनच. फोन लागेना. टोकनची यादी कॉम्प्युटरच्या आत, साठ बैलगाड्या बाहेर, रांगेचा तिसरा दिवस आणि आभाळ भरून आलेले. भिजलेला कापूस कोण घेणार? पहिली गाडी देवीलालकाकांची. त्यांनी मला भरल्या ताटावरून उठवून आणले.

"काका, मले हे येत नाही," मी म्हणालो.

"काहून येत नाही? त्यानं तं पट्टी बांधून केलं. तुले तं डोये आहेत न!"

शेवटी मी ठोकू लागलो. मामा, काय ठोकतो हे मलाही माहीत नव्हते. दर वेळी पासवर्ड चुकल्याची इंग्रजी ओळ येई, कॉम्प्युटर 'टुंग' करी आणि खिडकीतले गाडीवान टाळ्या वाजवीत. माझा शर्ट घामाने भिजला. तेवढ्यात तिथे झाडझूड करणाऱ्या सुखीबाई आत आल्या.

"कायले बदडून राह्यला रे बापू? सायेब तं रोज एक-दोन-तीन-चार दाबते. तोंडानं बोलत बोलत दाबते."

उघडले! संध्याकाळी साठावी गाडी शेडमध्ये रिकामी झाली आणि मग पाऊस आला. लोकांनी मला खांद्यावर घेतले. सुखीबाईंनी सांगितले, सुखीबाईंनी सांगितले, असे मी वरून ओरडत होतो. कोणी ऐकेना. मला फार लाज वाटली. सुखीबाईच हसून म्हणाल्या, "राहू दे न. पिच्चरमंदी झाडूवाली बाई कधी कुलूप उघडते काय?"

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
संघदीप

ता. क. : अकराव्या गाडीवर शेजारच्या गावचे मारोतीभाऊ होते. त्यांनी आपल्या मुलीसाठी, अपेक्षासाठी, मला विचारले आहे. रविवारी ते येतात. आई म्हणते, खरे सांगू नको. मी सांगणार आहे. म्हणून तुम्ही शनिवारीच या आणि आईला आवरा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवले होते, पुन्हा फाडले. अपेक्षा यवतमाळला दोन वर्षे कॉम्प्युटर शिकली आहे, हे आत्ता कळले. तिचा निरोप आला आहे : "पासवर्ड असे तुटत नसतात, कोणीतरी सांगितला असेल. त्या माणसाचं नाव सांगणार असतील तरच आम्ही येतो."

मामा, शुक्रवारीच या. मुलगी मला पसंत आहे.