डाव्या दारातला गाळ

मिस्त्री,

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीच्या डाव्या दारातून सावित्री नदीचा गाळ निघाला. चिमूटभर नव्हे, पत्र्याच्या तळाशी तीन बोटं जाडीचा, सुकून विटेसारखा कडक झालेला, वर भेगा पडलेला. त्यात एक बारका शिंपला अख्खा होता. तो हातात धरून मी माझ्याच गॅरेजात, माझ्याच माणसांसमोर उभा होतो. तुम्ही मला ओळखता, मला गप्प करायला लोकांना चहा पाजावा लागायचा. त्या दिवशी शिंपल्यानं गप्प केलं.

सुरुवात गाण्यावरून झाली. लेक पुण्याला नोकरीला आहे. दर पंधरा दिवसांनी एसटीनं येते, उभ्यानं येते, म्हणून मी ठरवलं की ही गाडी तिलाच द्यायची. पुढच्या खेपेला, रविवारी, ती घेऊन जाणार होती. त्याआधीच्या खेपेला गाडीत बसली, गाणं लावलं आणि म्हणाली, पप्पा, यातलं म्युझिक बदलून द्या, कंपनीचे स्पीकर अगदीच भिकार आहेत. मी म्हटलं, भिकार कसे, डावीकडे कान दे. डावीकडच्या दारातून तबल्याचा डग्गा असा यायचा की जणू देवळाच्या सभामंडपात वाजतोय, गोल, भरलेला, पोटात उतरणारा. उजवीकडे मात्र तोच डग्गा बिस्किटाच्या डब्यावर बोटं मारावीत तसा. दोन वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डावा स्पीकर ऐकवत होतो, की बघा, कंपनीचाच आहे, फुकटचा. उजवा तेवढा बिघडलेला निघाला असेल, असं माझं निदान. लेक म्हणाली, मग उजवाही तसाच करून द्या, मी पुण्यापर्यंत एका कानानं किती ऐकू.

म्हणून महाडचा म्युझिकवाला बोलावला. पंधरा वर्षं मुंबईत गाड्यांची म्युझिक सिस्टीम बसवून परत आलेला गडी, जिभेवर निम्मी हिंदी. तो म्हणाला, शेठ, स्पीकर नंतर, पहिले दरवाजा. कंपनीचा पत्रा पातळ, तो थरथरतो आणि सगळा आवाज खाऊन टाकतो. आतून जाड रबराच्या शीट चिकटवल्या की दार जड होतं, मग साधा स्पीकरही गातो. त्यानं उजव्या दारावर बोटाचं पेर वाजवलं, टण्ण. डाव्या दारावर वाजवलं, धप्प. हसला आणि म्हणाला, यात तर आधीच कुणीतरी शीट मारलीय शेठ, आधीचा मालक शौकीन होता. मला बरं वाटलं, कारण तो आधीचा मालक म्हणजे तुमचा मुलगा. मी म्हटलं उघड, बघू तरी कुठली मारलीय.

मिस्त्री, शीट नव्हती. गाळ होता. त्याच्यावर वीतभर उंचीला, आतल्या पत्र्यावर, लाल ऑइलपेंटची आडवी रेघ होती.

 जगात ती रेघ कोण मारायचं ते मला ठाऊक आहे. महाडच्या बाजारात पाणी शिरलं की तुमच्या गॅरेजासमोर गाड्यांची रांग लागायची. तुम्ही चिखल सुकायच्या आत दारं उघडायचात, गोड्या पाण्यानं आतून धुवायचात, आणि गाडी परत देताना बॉनेटच्या आत, पाणी चढलं होतं त्या उंचीला, बोटभर लाल रेघ ओढायचात. विकणाऱ्यांना ते खपायचं नाही. एक व्यापारी तुमच्या अंगावर धावून आला होता, की माझ्या गाडीची किंमत पाडतोस. तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "पानी मी नाय सोडलं तिच्यात. पन शिरलेलं मी बघितलंय." एवढंच. तो व्यापारी परत आला नाही, आणि तुम्ही त्याची वाटही बघितली नाही.

गाडी घेतली तेव्हा तुमच्या मुलानं मला सांगितलं होतं की मोठ्या पुराच्या वेळी ती महाडात नव्हतीच, पोलादपूरला त्याच्या सासुरवाडीला उंचावर होती. तुमच्या घरातला माणूस बोलतोय म्हटल्यावर मी कागद केले. आता खालचं कार्पेट उचललं. ड्रायव्हरच्या सीटखाली एअरबॅगच्या वायरीचा पिवळा सॉकेट असतो, तो सोडवला. आतल्या पिना हिरव्यागार, बोट लावलं तर भुकटी पडली. गाडी ठोकली असती तर ती पिशवी फुगली असती की नाही, देव जाणे. माझी लेक या सीटवर बसून घाट चढणार होती, आणि मी तिला डग्गा ऐकवत होतो. दुसऱ्यांच्या गाड्यांची पोटं फाडून बघणारा माणूस मी, स्वतःच्या गाडीला ऑइल बदलून सोडत होतो.

दाराचं पोट तसंच उघडं, त्याचं आतलं कव्हर मागच्या सीटवर टाकून मी पोलादपूरच्या माझ्या गॅरेजातून महाडला आलो. रस्ताभर काय काय बोलायचं ते जुळवत होतो. दासगावच्या बाजूनं भरतीचं पाणी चढून आलेलं, नदी फुगून शांत बसलेली. तुमच्या अंगणात गाडी लावली. तुमच्या मुलानं दार बघितलं, गाळ बघितला, आणि तो घाबरला नाही, मिस्त्री. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. मी ऐकला तो श्वास. म्हणाला, बरं झालं दादा, एकदाचं निघालं.

मी म्हटलं, बरं झालं कशाला, तू तर बोललास की गाडी उंचावर होती. तो म्हणाला, बोललो, खोटं बोललो. मग त्यानं सगळं सांगितलं. पाणी पहाटे आलं, आधी आईला माळ्यावर चढवली, गाडीकडे बघायला वेळ नव्हता. पाणी उतरलं तेव्हा नळ बंद, विहिरी गढूळ, प्यायला टँकर. त्या टँकरचे हंडे वाचवून वाचवून त्यानं तीन दारं आतून धुतली. चौथ्याला पाणी उरलं नाही. बाहेरून पुसलं, कंपनीचाच नवा स्पीकर आणि काचेची नवी मोटर बसवली, बंद केलं. आणि बंद करण्याआधी रेघ मारली, कारण तुमच्या पोटचा आहे, हात आपोआप डब्याकडे गेला. मी विचारलं, मग बॉनेटला का नाही मारलीस. म्हणाला, बाहेर मारायची हिंमत नाय झाली, आत मारल्याबिगर राहवलं नाय.

मग तो जे बोलला ते मी शब्दाला शब्द लिहितो, कारण ते माझ्या कानातून अजून जात नाही.

"दादा, तुम्ही गाडी घ्यायला आलात तवा चारही दारं बोटानं वाजवलीत. चौथ्याला थांबलात. परत वाजवलंत. मी मनात म्हटलं, झालं, आता बोलतील. तर तुम्ही बोललात, हे दार झकास लागतंय. मी समजलो, दादांनी आयकलंय, आन् आमच्या घराकडं बघून सोडून दिलंय. तुमच्या कानाला कळनार नाय असं कसं होईल?"

मी म्हटलं, "मला नाही कळलं."

 आतून त्याची आई, काकी, विचारत होत्या, कोन आलाय रे. आम्ही दोघंही ओ देईना.

मिस्त्री, मला तुमच्या हाताखाली असतानाची ती जीप आठवली. उमरठच्या वरच्या वाडीतल्या माझ्या मामाची. तिच्यातून तो घाटातली माणसं आणि दुधाचे कॅन आणायचा. गिअरबॉक्स कण्हत होता, मला ऐकू आलं होतं, पण मामाला भातलावणीच्या तोंडावर गाडी हवी होती आणि मामीनं माझ्यासाठी लोणी पाठवलं होतं. मी म्हटलं, चालेल अजून महिनाभर. तुम्ही आतल्या खोलीत जेवायला बसला होतात. काकी चुलीवरून भाकरी काढत होत्या. जीप चालू झाल्याचा आवाज ऐकून तुम्ही ताटावरून उठलात, उष्ट्या हातानंच बाहेर आलात, तो हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा, स्क्रू पिळायचा डिसमिस उचललात, टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला. मग सगळ्यांसमोर मला जवळ बोलावलंत. मी एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेली, वाडीवरून शेरडं सोडून आलेला, पण कान तिखट म्हणून सगळ्या बाजारात माझं नाव झालेलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "कानानं आयकलंस, तोंडानं गिळलंस. मंग कान कशाला ठेवलेस रे, भिकबाळी घालायला?" सगळे हसले. मामाही हसला. चार दिवसांनी तो डिसमिस तुम्ही माझ्या खिळ्याला अडकवून ठेवलात, माझा शर्ट असायचा तिथं.  तो अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून तुमच्या अंगणात उभं राहून मी त्या गाडी घेतलेल्या दिवसाकडे परत बघतो. मी पहिलं दार वाजवतो, टण्ण. दुसरं, तिसरं, टण्ण. चौथं, धप्प. माझं बोट थांबतं. हे खरं आहे. दुसऱ्यांदा वाजवतो, हेही खरं. पुढचं मला सरळ आठवत नाही, की आठवायचं नाही. आतल्या भिंतीवर तुमचा फोटो आहे, खिडकीतून दिसतोय. ज्या अंगणात मी अनवाणी गाड्या पुसल्या तिथली गाडी मी विकत घेतोय, ती चालवत पोलादपूरच्या बाजारातून जाणार आहे, लोक विचारणार आहेत आणि मी सांगणार आहे, कुणाच्या घरची ते. त्या घरात खोट सापडावी असं मला नको होतं. दार झकास लागतं, असं मी म्हणालो. गिळायला फार वेळ लागत नाही, मिस्त्री. घोटभर पाण्याइतकाच.

मी तुमच्या मुलाला रागावलो नाही. रागावायला तोंड लागतं. आणि तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नाही, ती सांगतो. तुम्ही गेल्याला सतरा वर्षं झाली, माझं गॅरेज मोठं झालं, दोन क्रेन आहेत, हायवेवर कुठेही गाडी पडली की फोन मला येतो. मोठ्या पुरानंतर माझ्याकडे ओल्या गाड्या किती आल्या, सांगत नाही. धुतल्या सगळ्या नीट, चारही दारं. पण माझ्या गॅरेजात लाल ऑइलपेंटचा डबा नाही. कधीच नव्हता. गिऱ्हाईक तुटेल म्हणून पहिली रेघ टाळली, मग ती टाळायची सवय झाली. तुमच्या मुलानं निदान दाराच्या आत तरी मारली.

शनिवारी लेक आली. मला सोपं होतं, नवी वायरिंग टाकायची, दार लावायचं, आणि म्हणायचं, उजवा स्पीकर बदलला ग. ती माझ्या कानांवर भरवसा ठेवूनच तर गाडी नेणार होती. मी तिला मागच्या सीटवरचं दाराचं कव्हर दाखवलं, गाळ दाखवला, हिरव्या पिना दाखवल्या आणि दारं वाजवल्याचंही सांगितलं. ती बराच वेळ त्या शिंपल्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, अशी आणखी किती दारं वाजवून सोडलीत?"

मी म्हटलं, मोजत बसलो तर तुला रविवारी गाडी मिळायची नाही. ती हसली नाही. माझा विनोद पहिल्यांदाच असा पडला. मग मी तिला त्या डब्याचं सांगितलं, जो माझ्याकडे नाही. ती म्हणाली, बाजार अजून उघडा आहे.

रविवारी ती एसटीनंच गेली. सोमवारी तुमचा मुलगा पोलादपूरला आला, न बोलावता. चौथं दार त्यानं स्वतः धुतलं, होजचा पाइप आत घालून. गाळ आधी हटेना, मग विरघळला आणि खालच्या भोकांतून लाल-तपकिरी धार सुरू झाली. तो वास सगळ्या गॅरेजात पसरला, पूर ओसरल्यावर तुमच्या गॅरेजात यायचा तोच. माझी माणसं नाकं धरून बाजूला झाली. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. वायरिंग सगळी बदलली, सॉकेट नवे टाकले. मग मी ब्रश घेतला. बॉनेटच्या आत एक रेघ आणि दार उघडल्यावर डोळ्यांसमोर येईल अशी चौकटीवर एक. रेघ शेवटी वाकडी झाली. त्यानं बघितलं आणि म्हणाला, बाबांची सरळ यायची. मी म्हटलं, रोजची होती ना त्यांची.

म्युझिकवाला शीटचा गठ्ठा घेऊन आला होता. लेकीला फोन करून विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला पटेल तसं करा, मी ऐकेन. मी त्याला परत पाठवला. त्याला वाटलं शेठ चिक्कूपणा करतोय, वाटू दे. शीट वाईट नाहीत. पण त्या गाडीची दारं मला सध्या पातळच हवीत, टण्ण वाजणारी, म्हणजे आत काही साठलं तर कळेल. कंपनीचेच स्पीकर परत बसवले. पुढच्या खेपेला ती गाडी नेईल.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून त्या डिसमिसाला गुंडाळून कपाटात ठेवतोय. आणि आता लिहितोच आहे तर एवढं राहिलेलं सांगून टाकतो. काल गाडी धुऊन झाल्यावर एकटाच आत बसलो आणि तेच गाणं लावलं. दोन्ही बाजूंनी डग्गा सारखा वाजला, बिस्किटाच्या डब्यासारखा. सगळं बरोबर होतं. पण मिस्त्री, खरं सांगतो, माझ्या कानाला तो गाळातलाच डग्गा गोड लागायचा. अजूनही लागेल.