प्रदेश कार्यालयाच्या सभागृहातून

रायपूर,
२० जानेवारी २००२

आदरणीय इंद्रजीतदादा यांना धाकट्या चुलतभावाचा, धर्मपालचा, सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी जिना चढायची बंदी घातली असेल तर त्यांचं ऐका. लता बरी आहे. मी रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मात्र तिची तब्येत माझ्यामुळे उतरली, असं ती म्हणते. हे पत्र मी आमच्या प्रदेश कार्यालयाच्या सभागृहात बसून लिहितो आहे. हवा खेळती आहे, उजेड भरपूर.

'प्रदेश' वाचून दचकू नका. आमची पाऱ्यातल्या (इथं मोहल्ल्याला पारा म्हणतात) तळ्याची कासव बचाव समिती, सभासद अकरा (त्यातले तीन चहापुरते). पण राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि एका फटक्यात सगळ्यांना बढती मिळाली. पंडरीतला आमचा शिंपीसुद्धा पाटीवर 'राजधानी' लिहून मोकळा झाला. मग आम्हीच काय घोडं मारलं होतं? दत्तोपंत प्रदेशाध्यक्ष झाले, मी प्रदेश महासचिव. तळं तेवढंच राहिलं.

पदं मोठी झाली म्हटल्यावर निधीही मोठा हवा. निधी देणाऱ्या संस्थेनं कळवलं, आधी नियोजन सुधारा. त्यासाठी दिल्लीहून शर्मिष्ठाबाई नावाच्या तज्ज्ञ आल्या. त्यांनी सगळ्यांना पिवळी कार्डं वाटली: संवर्धनासाठी सर्वांत निकडीचं काय, ते लिहा. दोन दिवस आम्ही लिहीत होतो. कपाट, कूलर, पाटी, पाटीवर दिवा, सभागृह. (चहापुरत्यांपैकी एकानं 'समोसा' लिहिलं, तेही भिंतीवर लागलं.) शेवटी बाईंनी हळूच विचारलं, "इसमें कछुआ कहाँ है?" दत्तोपंत म्हणाले, "तालाब में है मॅडम, और कहाँ रहेगा?" बाईंनी चष्मा पुसला आणि भिंतीवरची कार्डं उतरवायला घेतली.

नकाशा मी काढला. तीस वर्षं मालगोदामात गेली, रेघ सरळ येते. तळ्याच्या उत्तर काठाला वाळूचा पट्टा आहे, त्यावर मी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'रिकामी जागा'. कार्यालय तिथंच ठरलं. अर्ज गेला, आणि मंजुरी येणारच या भरवशावर दत्तोपंतांच्या साडूनं (ते ठेकेदार आहेत, हा योगायोग) बुधवारी चुन्याच्या रेघाही मारल्या. मंजुरीचं पत्र आलं की खोदकाम.

गुरुवारी सकाळी मीराबाई त्या रेघांच्या आत येऊन बसली. ही बाई आमच्या समितीत नाही. ती फक्त बारा वर्षं रोज तळ्यातल्या पन्न्या काढते आणि काठावरची कुत्री हाकलते. मी म्हटलं, बाई, ऊठ, हे सभागृह आहे. ती म्हणाली, "हव बाबू, सभाच भरली हाय. खाली कासवाची अंडी हायेत. पावसाबिगर पिल्लं निघत नाहीत. तुमाले हे रिकामं काहून दिसलं?"

दादा, मला फार लाज वाटली. आठ वर्षं मी कासवांचा सचिव, आणि कासव अंडी कुठं घालतं हे मला ठाऊक नव्हतं. दत्तोपंतांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "योजना तं पाठवून झाली ना धर्मपालजी. आता अंड्यांलेच ॲडजस्ट करा लागन."

असो. वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धर्मपाल

ता.क. त्या निधीच्या निवड समितीवर तुम्ही आहात, हे मला माहीत आहे. आमचा अर्ज तुमच्या टेबलावर आलाच असेल. घरच्या माणसाकडे लक्ष असू द्या.

ता.क. २. लक्ष असू द्या म्हणजे नामंजूर करा. माझी सही बघून विरघळू नका. चांगलं खरमरीत लिहा, की जे माणूस आधीपासून काम करतं त्याला विचारून या. मीराबाईला पगार आणि वाळूला तारेचं कुंपण, एवढंच मागणारा दुसरा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यात प्रदेश नाही, नुसता पारा आहे. (माझं नाव फुटू देऊ नका, महासचिवपद जाईल. गेलं तर गेलं.)

ता.क. ३. पण लवकर करा. मीराबाई जेवायला गेली की तिच्या जागी मी बसतो. सभागृह म्हणजे अजून चुन्याच्या चार रेघाच आहेत. उजेड भरपूर आहे, कारण छत नाही. साडूचा माणूस मंजुरीच्या आधीच रोज फावडं घेऊन येतो आणि विचारतो, "भैया, कब उठोगे?" मी सांगतो, सभा चालू आहे.