नुसतं फिरायला

घाटनांदूर, ता. अंबाजोगाई
१२ नोव्हेंबर २०२५

चि. संस्कृतीस,
दादाचे आशीर्वाद.

आम्ही सगळे इथं बरे आहोत. तू कशी आहेस हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही, तरी विचारतो. माझा नंबर तू बंद करून ठेवलास, म्हणून हे पत्र. बारावीच्या पेपरानंतर इतकं लांबलचक पहिल्यांदाच लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

थंडी पडल्यापासून आईचे गुडघे पुन्हा धरलेत. ऐन काढणीत पाऊस लागला आणि सोयाबीन काळं पडलं, तूर मात्र माझ्या उंचीएवढी झालीय. थोरली म्हैस व्याली, रेडी झाली. आण्णा आहेत तसेच. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकायची, भोवती चार माणसं, निवडणुकीची गणितं. तुझं कुणी विचारलंच तर "पुण्यात हाय, अभ्यास करती" एवढं म्हणतात आणि विषय बदलतात.

गल्लीतला त्रिंबकही गेला पुण्याला. घरची बागायत, विहिरीला पाणी, एकुलता एक. जायच्या आदल्या दिवशी आपल्या खत-बियाण्याच्या दुकानात आला होता. मी म्हटलं, "कावून चाललास बे? काय कमी हाय तुला इथं?"

"कमी काय न्हाई दादा. समदं हाय. तेच लई हाय."

तो गेल्यावर मी तीन जणांकडं चौकशी केली, की ह्याचं कुणाशी भांडण झालंय का, काही लफडं आहे का. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. माणसानं सरळ उत्तर दिलं की मला वाटतं, खरं ते हा पोटात ठेवतोय.

तुझ्याबाबतीतही असंच झालं. तेच लिहायला बसलोय, पण पेन तिकडं वळेना, म्हणून म्हैस नि तूर सांगत बसलो.

मागच्या वर्षी दिवाळीला तू आलीस, तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तू काही मागितलं नाहीस, रुसली नाहीस, आण्णांशी वाद घातला नाहीस. संध्याकाळी चपला घालून म्हणालीस, "जरा फिरून येते." आईनं विचारलं, "कुठं?" तर म्हणालीस, "कुठं नाही. नुसतं फिरायला."

आपल्या गावात बाईमाणूस नुसतं फिरायला जात नाही. दळण असतं, देऊळ असतं, कुणाकडं तरी हळदी-कुंकू असतं. मी सायलीला म्हटलं, "तुझ्या नणंदेचं काहीतरी शिजतंय." ती कणीक मळत होती, तिनं वरही बघितलं नाही.

मग तू परत गेलीस. फोन केला की तू हसून बोलायचीस, आणि हसायला काय झालं म्हणून मला संशय. उशिरा उचललास की संशय, लगेच उचललास तरी संशय. फेब्रुवारीत मी लातूरला बियाण्याच्या कंपनीची मीटिंग आहे असं घरी सांगितलं आणि पुण्याला आलो.

होय, आलो होतो. तुला माहीत नाही. टोपी घातली, तोंडाला मास्क लावला आणि दोन दिवस तुझ्या मागावर होतो.

पहिल्या दिवशी तू अभ्यासिकेतून हललीच नाहीस. जेवायला मेसवर गेलीस, पुन्हा आत. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा राहून पाय दुखवून घेतले. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला तू एकटीच निघालीस, स्वारगेटला जाऊन कात्रजच्या बसमध्ये चढलीस. मी मागच्या दारानं चढलो. मनात म्हटलं, सापडली.

शेवटच्या थांब्यावर उतरलीस. गाड्यावरून पेरू घेतलास, मीठ-तिखट लावून, आणि एका कट्ट्यावर पाय हलवत बसलीस. मी पलीकडं पानटपरीच्या आडोशाला. पाऊण तास. जो जो पोरगा तुझ्या बाजूनं गेला, त्याचा चेहरा मी पाठ करून ठेवत होतो. एक जण थांबला, त्यानं काहीतरी विचारलं, तू हातानं रस्ता दाखवलास. मी त्याच्या मागं पण गेलो. तो खरंच बसच शोधत होता.

मग तू उठलीस, हात झटकलेस आणि परतीच्या बसमध्ये बसलीस. कुणी आलं नाही. कुणी यायचंच नव्हतं.

पोरगा असता तर राग कुणावर काढायचा ते तरी कळलं असतं. एसटीत बसून परत येताना पेरू खातानाचा तुझा तो निवांत चेहराच डोळ्यांसमोरून जाईना. गावात तू बाहेर पडतेस तेव्हा मान खाली, भराभर पावलं, कुणी हाक मारायच्या आत घर गाठायचं. बारावीत तू मैत्रिणीबरोबर स्टँडवर कुल्फी खाल्लीस, आठवतं? तू घरी पोचायच्या आत मला तीन फोन आले होते. दारातच मी विचारलं होतं, "गोड लागली का?" त्यानंतर तू बाहेर काही खाल्लेलं माझ्या बघण्यात नाही. आणि तिकडं भर रस्त्यात पेरू खात होतीस.

घरी आलो. आण्णा एकटेच होते. मी म्हटलं, "पुण्यात तिचं काहीतरी चाललंय."

"काय?" एवढं जरी त्यांनी विचारलं असतं, तरी मला सांगावं लागलं असतं की ती एकटीच बसून पेरू खात होती. पण ते म्हणाले, "बास. पुढचं नको सांगू." आणि मीही सांगितलं नाही. आई आजारी आहे असा फोन तुला तिसऱ्या दिवशी गेला.

पुढचं तुला माहीत आहे. मार्चपासून ऑगस्टपर्यंत तू ह्या घरात होतीस आणि तुझा फोन आण्णांच्या कपाटात. स्थळं आली. त्यातलं एक तर पुण्याचंच, मुलगा कंपनीत. आण्णा खूश होऊन म्हणाले, "पुणंच पाहिजे ना तुला? घे की मग!" तेव्हा तू म्हणालीस, "मला पुणं नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून बघायचं नाही." आण्णांनी हातातलं ताट भिंतीवर फेकलं. मी खाली बघून जेवत राहिलो.

आता जे तुला माहीत नाही ते लिहितो.

होस्टेलवरून तुझं सामान आणायला मीच गेलो होतो. बॅगेत वरच तुझी निळी फाईल होती. दहावी-बारावीची गुणपत्रकं, पदवी, दाखले, सगळं अस्सल. मी ती बॅगेतून काढली आणि दुकानात जुन्या बिलांच्या गठ्ठ्याखाली ठेवली. कागद नसले की ही कुठं जाणार, असा विचार केला होता. विचार केला होता, हे मुद्दाम लिहितोय. चुकून राहिली असं मला म्हणायचं नाही.

जूनमध्ये तुझ्या नोकरभरतीच्या परीक्षेचा निकाल आला, जुलैत कागदपत्रांच्या पडताळणीची तारीख आली. आई रडली, म्हणाली, नोकरी लागली तर आण्णा नरमतील. तू ट्रंक उपसलीस, माळा उपसलास. मला विचारलंस, "दादा, निळी फाईल बघितलीस का? नीट आठव."

"न्हाई म्हणलं ना."

आणि तुझ्याबरोबर मी कपाट ओढलं, संस्कृती. मागं पडली असेल म्हणून दोघांनी मिळून लोखंडी कपाट ओढलं. तुझ्या हाताला पत्रा लागला, तर मी हळद आणून दिली.

ती तारीख गेली. यादीतलं तुझं नाव गेलं. सायलीच्या फोनवरून तू तुझ्या खोलीतल्या प्रियदर्शनीशी भांडलीस, तिनंच फाईल हलवली म्हणून. ती रडत शपथा घेत होती, मला बाहेर ऐकू येत होतं. माझा रोग तुला लागला, असं मला त्या क्षणी वाटलं. तरी मी दुकानात जाऊन कुलूप उघडलं नाही. त्या पोरीला तेवढं सांग, की तिची काही चूक नव्हती.

ऑगस्टमध्ये तू सायलीबरोबर अंबाजोगाईला दवाखान्यात गेलीस आणि सायली एकटीच परत आली. मी तिचा फोन मागितला. लग्नाला तीन वर्षं झाली, पहिल्यांदा तिनं नाही म्हटलं.

"तुमी पुण्याला गेलता," ती म्हणाली. "शर्ट धुताना एसटीचं तिकीट घावलं मला. तवापासून वाट बघते, तुमी सांगताल म्हणून. काय बघितलंत? नाव सांगा त्याचं."

मी म्हटलं, "नव्हता कुणी."

ती खालीच बसली. मग म्हणाली, "मग त्या लेकराच्या मागं कावून लागलात?"

तिला मी उत्तर दिलं नाही. तुला देतो.

तू पाचवीत होतीस तेव्हा मी चाकणला अकरा महिने कामाला होतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपुरतं आण्णांनी बोलावलं आणि मग जाऊच दिलं नाही. तेव्हापासून मी गावभर सांगत आलो, की पुण्यात माणुसकी न्हाई, शेजारी मेला तरी कळत न्हाई. खोटं सांगत आलो. चौघांत एक खोली होती, ढेकूण होते, भाजी पाण्यासारखी. पण सुट्टीच्या दिवशी मी कंपनीच्या गेटापासून चालत सुटायचो. सिग्नलला उभं राहिलं की आजूबाजूला शंभर माणसं, आणि त्यातल्या एकालाही मी विठ्ठलरावांचा हनुमान नव्हतो. नाक्यावरचा चहावाला मला "ए बीड" म्हणून हाक मारायचा. त्याला पुढचं काही नको होतं. मी काय खाल्लं, कुणाशी बोललो, कुणाच्या सभेला बसलो, कुणी कुणाला कळवत नव्हतं. लोक म्हणतात, पोरं पैशासाठी शहरात जातात. जात असतील. मी त्या चालण्यासाठी परत गेलो असतो.

तुला कट्ट्यावर पाय हलवताना बघितलं आणि हे सगळं वर आलं. मला राग आला. मला नाही मिळालं ते हिला का? एवढंच होतं. घराण्याची अब्रू वगैरे मी मागाहून चिकटवलं.

सायलीच्या बोलण्यातून कळलं, की तू दुसरी परीक्षाही पास झालीस, पुढच्या आठवड्यात पुन्हा पडताळणी आहे, आणि दुय्यम प्रती अजून हातात आलेल्या नाहीत. फाईल पाठवतोय. सगळे कागद मी मोजून बघितलेत. एकाला खालच्या कोपऱ्यात खताचा डाग पडलाय, तो दुकानात पडला.

१३ नोव्हेंबर, सकाळी

काल पत्र संपवून ठेवलं होतं, पण आज सकाळी जे झालं ते तुला कळायला हवं.

मी ओट्यावर गेलो. आण्णा होते, रोजची चार माणसं होती. ती उठेपर्यंत थांबलो तर माझ्याच्यानं बोलवणार नाही, हे मला ठाऊक होतं. उभ्यानंच सांगितलं, "आण्णा, संस्कृतीचं पुण्यात कुणाबरोबर काही नव्हतं. मी दोन दिवस मागं फिरून बघितलतं. एकटीच कात्रजला गेली, पेरू खाल्ला आन् माघारी आली. मी तुमाला अर्धवट सांगितलं. तिची फाईल पण मीच दडवली."

आण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पेरू खायाला कात्रजला कावून जायचं? हितं पेरू न्हाईत?"

मी म्हटलं, "हितं खाल्ला की तुमाला कळतंय, आण्णा."

चारही माणसं खाली बघायला लागली. त्यांतल्या दोघांनी मला कुल्फीच्या दिवशी फोन केला होता. आण्णा उठून आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. ते रागावलेत, शरमलेत की अजूनही त्यांना वाटतंय की मी काही झाकतोय, मला कळलं नाही. आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं न बघता ती आत वळली आणि तिनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी बांधायला घेतली.

फाईल मी पोस्टात टाकणार होतो. सायली म्हणाली, "पोस्टाचा भरवसा मला न्हाई. मी सोता नेऊन देते." तुझा पत्ता तिच्याकडं आहे. तो विचारायला शब्द ओठांवर आला होता, गिळला.

ती आता दहाच्या गाडीनं निघेल. पुणं तिनं अजून बघितलेलं नाही. दोन दिवसांत येते म्हणाली, पण पिशवी दोन दिवसांच्या मानानं मोठी आहे. चार साड्या तरी असतील, आणि लग्नात तिच्या माहेरहून आलेली शाल. माझ्या नजरेला ते दिसायचंच. मी काही विचारलं नाही. पिशवी उचलून दारापाशी आणून ठेवली.

तूही तिला काही विचारू नकोस. कुठं जायचं म्हणाली तर बस कुठली ते सांग, आणि एकटीच जाते म्हणाली तर जाऊ दे.

फाईल दडवणारा, आणि तू म्हणू देशील त्या दिवसापासून पुन्हा तुझा दादा,

हनुमान