पडद्यावरचे हसू कोणाचे, हे विद्यार्थिनीस सांगू देण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय.

विषय : पडद्यावर समोर कोणीच नव्हते, हे एका विद्यार्थिनीस सांगण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : मा. संचालक, परदेश संबंध विभाग यांचा गप्प राहण्याविषयीचा तोंडी आदेश.

महोदय,

१. सविनय कळविते की, परदेशी विद्यापीठाबरोबर पडद्यावरून चालणाऱ्या आपल्या विद्यार्थी-संवाद कार्यक्रमाची मी समन्वयक आहे. दोन्हीकडच्या मुलांनी दर आठवड्याला एकमेकांसमोर बसून प्रकल्प करावेत, अशी ही योजना. पहिल्या बैठकीस खोली भरली होती. पुढे वेळ गैरसोयीची म्हणून मुले गळाली. त्यावर मा. संचालकांनी उपाय काढला, की पहिल्या बैठकीचे चित्रण लावून ठेवायचे. "मुलं दिसल्याशी मतलब. बोलतंय कोण, ते कोण बघतो?" हे त्यांचे शब्द. मी हरकत घेतली. ती तोंडी होती, सबब ती घेतलीच नव्हती असे मला आता सांगण्यात येते.

२. एक विद्यार्थिनी मात्र खरीच येत राहिली. वडिलांचे इस्त्रीचे दुकान आहे. कडक इस्त्रीचा सदरा घालून ही मुलगी बैठक सुरू होताच उभी राहायची आणि नळाच्या पाण्यावरचा आपला प्रकल्प सांगू लागायची. तिने दोन वाक्ये बोलावीत आणि समोरच्या अख्ख्या वर्गाने खो खो हसावे. दर आठवड्याला हेच. शेवटी मला म्हणाली, "मॅडम, मी तोंड उघडलं की हसतात. इतकं वाईट बोलते का मी?" मी वेडी तिचे उच्चार घोटून घेत बसले. हसू काही थांबले नाही.

३. गेल्या आठवड्यात तिकडच्या समन्वयकबाईंशी फोनवर बोलणे झाले. त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "तुमची मुलं किती शिस्तीची हो. आमची तर फिरकतच नाहीत. आम्ही पहिल्या दिवसाचं चित्रण लावून खोलीला कुलूप घालतो." पहिल्या दिवशी बैठक सुरू होताच त्यांच्या वर्गात कोणाची तरी खुर्ची मोडली होती. ते हसू त्या खुर्चीला होते. म्हणजे सबंध सत्र एक चित्रण दुसऱ्या चित्रणापुढे माना डोलवत बसले, आणि मधल्यामध्ये एक जिवंत मुलगी ओशाळत राहिली.

४. हे मा. संचालकांच्या कानावर घातले. उत्कृष्ट कार्यक्रमाचे मानचिन्ह मिळायचे आहे, तेव्हा तोंड बंद ठेवावे आणि अहवालात 'उत्साही हास्यविनोद' असे लिहावे, अशी सूचना झाली. मुलीचे काय, असे विचारता, "सुटीत विसरेल हो ती."

५. महोदय, मी कीर्तने ऐकत वाढलेली बाई आहे. बुवा डोळे मिटून गात असले, तरी मागच्या रांगेतून एक जण उठला तर त्यांना कळते. ऐकणाऱ्यात देव बसला आहे असे मानून गातात ते. इथे ऐकणारा नाही, बोलणारा नाही, आणि मानचिन्ह मात्र आहे. मला शिसारी आली आहे. कार्यालयीन भाषेत याला सौम्य शब्द शोधला, सापडला नाही.

६. सदर विद्यार्थिनीने 'चारचौघांत बोलण्यास असमर्थ' असे कारण लिहून प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दिला आहे. तो उद्या आपल्या टेबलावर येईल. त्यावर सही करू नये, व तिला खरे काय ते सांगण्याची मला परवानगी द्यावी. परवानगीस विलंब लागेल, हे गृहीत धरून खालील व्यवस्था केली आहे.

विनम्रपणे, पण किळस न लपवता,

(सही)
समन्वयक, विद्यार्थी-संवाद कार्यक्रम
दिनांक : १४ मार्च

सोबत : दोन्ही चित्रणे, मी सही न केलेला अहवाल.

प्रत : सदर विद्यार्थिनी. (इस्त्रीच्या दुकानात, वडिलांसमोर, मोठ्याने वाचून मग हातात दिली.)