आमिरची जागा

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

मध्यंतरानंतर संघ मैदानात उतरला आणि त्यात माझा मुलगा नव्हता. इतक्या वर्षांत प्रथमच! मधल्या फळीतली ती जागा, जिथून आमिर चेंडू वाटत असतो, ज्याला हवा त्याला, हव्या त्या क्षणी — तिथे अरबाज उभा होता. विशीतला मुलगा. माझाच शिष्य, दर गुरुवारी माझ्यासमोर बसून कुराणपठण शिकतो.

आमिर बाकावर बसून राहिला. दोन्ही हात गुडघ्यांवर. सामना आम्ही जिंकलो, आणि तेच अधिक लागले. मागून कोणीतरी ओरडले, "आता म्हातारा घोडा बांधून ठेवा रे!" हशा झाला. मी पुढच्याच बाकावर होतो. मान वळवली नाही.

चंद्रहासराव कंपनीत इंजिनीअर आहेत, संघाची निवडही तेच करतात. त्यांना गाठून विचारले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वय आहे हो, मौलवीसाहेब. चाळिशी म्हणजे फुटबॉलमध्ये पेन्शनच."

मी या खेळाचा जाणकार नाही. तारुण्यात तर त्याला मी वेळेचा निव्वळ अपव्यय मानीत असे. परंतु इमाम जसा मागे वळून न पाहता आपल्या पाठीमागच्या रांगा जाणतो, तसा माझा मुलगा मैदान जाणतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अशा माणसाला पेन्शन?

११ जानेवारी, शनिवार

आमिर बोलत नाही. सून जमिलाही नाही. घरात फक्त वॉशिंग मशीनचा आवाज.

१३ जानेवारी, सोमवार

भय नेमके कशाचे आहे ते लिहून काढले तर कदाचित त्याचा आकार कळेल.

कागदोपत्री आमिर इथे आखातात, मीना अब्दुल्लाच्या यार्डात मदतनीस आहे. प्रत्यक्षात तो मालकांचा खेळाडू आहे. कंपन्या-कंपन्यांच्या या शुक्रवारच्या सामन्यांत मालक अबू फैसल यांचा जीव गुंतलेला. त्यासाठीच त्यांनी त्याला म्हसळ्याहून आणवले. इथे मालकाच्या मर्जीने माणसाचा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे सरकतो. अकामा नाही तर इथे राहणे नाही. आमिरच्या अकाम्याला जमिलाचा जोडलेला, नात युसराचा जोडलेला, माझाही जोडलेला. ही मुदत फेब्रुवारीअखेर संपते. युसराची बारावीची परीक्षा त्यानंतर.

पूर्वीच्या गोलरक्षकाला संघातून काढले, त्या वर्षी त्याचा अकामा झाला नाही. तो आता श्रीवर्धनला रिक्षा चालवतो.

जमिला आज सुरमई कापता कापता म्हणाली, "अब्बा, सामान बांधायला घेऊ काय?" मी तिच्या तोंडाकडे पाहिले. थट्टा नव्हती.

१६ जानेवारी, गुरुवार

अरबाज धड्याला आला. येणार नाही असे वाटले होते. येईल तर कोणत्या तोंडाने, असेही वाटले होते. आईने दिलेला खजुराचा डबा पुढे ठेवून उभाच राहिला.

"उस्तादजी, आय स्वेअर, मी नाय मागितला. चंद्रहास सर बोलले उतर, म्हणून उतरलो."

"बस. पुस्तक उघड."

"आमिरभाईच मना शिकवतात. रोज, अस्रच्या नमाजनंतर. खय बघायचा, कवा थांबायचा, सगला."

हे मला नवे होते. माझा मुलगा स्वतःची जागा स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देतो आहे!

मी त्याचे पठण ऐकले आणि प्रत्येक विरामात दोष काढला. स्वर लांबला — आखूड कर. आखूड झाला — लांबव. तीच आयत त्याने न कंटाळता पुन्हा पुन्हा म्हटली. पठण शुद्ध होते. मला ते कळत होते. जाताना त्याने माझ्या हाताचे चुंबन घेतले आणि मला तो हात लपवावासा वाटला.

जेवताना आमिरला विचारले, "त्याला तू शिकवतोस?"

"व्हय."

"का?"

"संघ माझा पण हाय ना, अब्बा." पुढचे बोलणे त्याने भातात कालवून टाकले.

युसरा मला म्हणाली (आजोबाला ती दादा म्हणते), "दादा, लीव्ह इट ना. बाबा इज फाइन."

१९ जानेवारी, रविवार

या देशात कामे दोन मार्गांनी होतात: कागदाने किंवा वास्त्याने. वास्ता म्हणजे वजनदार माणसाकडे टाकलेला शब्द. मी जन्मभर शिकवले की मागायचे ते एकाच दारी मागावे. परंतु मंगळवारी संध्याकाळी अबू फैसल यांच्या दिवाणखान्यात बैठक भरते — दिवाणिया म्हणतात तिला. तिथे कोणीही जावे, कॉफी घ्यावी, गाऱ्हाणे सांगावे. नोकराच्या बापालाही मज्जाव नाही.

आज दोन रकात नमाज पढून मार्गदर्शन मागितले. मनाचा कौल आधीच झालेला असला म्हणजे मार्गदर्शन मागणे हा केवळ शिष्टाचार उरतो, हेही ठाऊक होते. तरी मागितले. आणि मन जे म्हणत होते, त्यालाच उत्तर समजलो.

२१ जानेवारी, मंगळवार

झाले! अल्हम्दुलिल्लाह!

भिंतीलगत लांबच लांब गाद्या, मधोमध कॉफीची किटली. मला दाराजवळ जागा मिळाली. अबू फैसल यांनी स्वतः हात करून जवळ बोलावले, वय पाहून. मी बोललो ते ग्रंथांच्या अरबीत, कारण मला दुसरी येत नाही. मदरशात बारा वर्षे जी घोटली ती. पोरांनी मोबाइलवरून माना वर केल्या. एक जण कुजबुजला, "बातम्या लागल्या!" अशी अरबी आता फक्त बातम्यांतच ऐकू येते. दोघे-तिघे हसले. अबू फैसल यांनी एकदाच तिकडे पाहिले आणि बैठक चिडीचूप झाली.

म्हणाले, "माझ्या नातवंडांना ही भाषा येत नाही, आणि हा हिंदुस्तानी माणूस ती माझ्या आजोबांसारखी बोलतो!" मग मला विचारले, "पण शेख, ते म्हणतात तुमचा मुलगा थकला."

मी अल्लाहची शपथ घेतली. म्हटले, "माझा मुलगा निरोगी आहे. त्याचे पाय शाबूत आहेत आणि काळीजही शाबूत आहे. त्याला बसवणे हा अन्याय आहे." वाक्यामागून वाक्य येत गेले. इतके अस्खलित मी वर्षानुवर्षे बोललो नव्हतो.

अबू फैसल यांनी नाकाच्या शेंड्याला बोट लावले. ही इथली वचन देण्याची रीत. आणि तिथूनच व्यवस्थापकाला फोन लावला. "स्टोअरमध्ये? आमिरला स्टोअरमध्ये बसवायचं कुणी ठरवलं? फाडा तो कागद. तो खेळेल. खेळतो आहे तोवर तो माझा माणूस आहे."

म्हणजे माझ्या मुलाला गुपचूप गोदामात गाडण्याचा घाट होता! वेळेवर गेलो. परतताना अबू हलीफाच्या किनाऱ्यावर मगरिबची नमाज पढलो. समुद्र शांत होता.

२२ जानेवारी, बुधवार

चंद्रहासराव दुपारी आले. जमिलासमोर काही बोलले नाहीत. आमिरला आणि मला खाली गाडीत बसवले, काचा वर केल्या.

"मौलवीसाहेब, एक फोन! तुम्ही मला एक फोन करायचा होता हो!"

मग जे सांगितले ते असे. नोव्हेंबरमध्ये आमिर सरावात कोसळला. चंद्रहासरावांनीच त्याला फहाहीलच्या डॉक्टरांकडे नेले. हृदयाची भिंत जाड झाली आहे. चालावे, सावकाश जिने चढावे — धावू नये. धावता धावता थांबेल, आणि मग उपाय नाही. कंपनीला कळले तर आजारी माणूस कोण ठेवून घेतो? म्हणून दोघांनी मिळून ठरवले: अरबाजला तयार करायचे, वयाचे निमित्त सांगून आमिरला बसवायचे आणि मालकांच्या लक्षात येण्याआधी त्याला स्टोअरकीपर करून टाकायचे. खुर्चीवरची नोकरी. अकामा शाबूत.

"वय म्हटलं की सगळ्यांना पटतं," चंद्रहासराव म्हणाले. "त्याला डॉक्टरचा कागद लागत नाही. उद्या सही होणार होती. उद्या!"

मी म्हटले, "मी पुन्हा जातो. सांगतो की माझी शपथ चुकली."

"काय चुकली म्हणून सांगाल? मुलगा आजारी आहे म्हणून? मग स्टोअरही नाही आणि काहीच नाही. आता मालकांचा हुकूम आहे. मी त्याला बसवला तर मलाच बसवतील."

आमिर समोरच्या काचेतून बाहेर पाहत होता. मी विचारले, "मला का नाही सांगितलेस?"

"तुमाला सांगितला असता तर तुमचा चेहरा बघून जमिलाला कललाच असता." मग अगदी हळू, जणू थकलेल्या मुलाला समजवावे तसा म्हणाला, "आता ऱ्हावा, अब्बा. तुमी लय बोललाव."

२३ जानेवारी, गुरुवार

समजून-उमजून न घेतलेल्या खोट्या शपथेला प्रायश्चित्त लागत नाही. घेणाऱ्याला ती खरी वाटत होती, एवढे पुरते. हा नियम मी कित्येकांना समजावून दिला आहे, कित्येकांची झोप परत मिळवून दिली आहे. आज तोच नियम स्वतःला समजावला. नियम बरोबर आहे. माझ्या उपयोगाचा नाही.

रोजा धरला. जमिलाने विचारले, "कसला रोजा, अब्बा?" म्हटले, रजब महिना आहे, पुण्य आहे. ही लबाडी मात्र समजून-उमजून.

अरबाज धड्याला आला नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

उपान्त्य सामना. मी गेलो नाही. मशिदीत बसून राहिलो आणि किती वेळा उठून दाराशी गेलो याची लाज वाटते.

युसरा धावतच आली, "दादा, बाबा वॉज सो गुड टुडे! वी आर इन द फायनल!"

"धापा टाकत होता का?"

"एव्हरीवन वॉज, दादा. इट्स फुटबॉल!"

हरले असते तर! मी माझ्या मुलाच्या पराभवासाठी दुआ मागितली होती. तीही नामंजूर.

२८ जानेवारी, मंगळवार

मीच अरबाजच्या घरी गेलो. शिष्याच्या दारी गुरूने जाण्याची रीत नाही. त्याच्या आईने घाईघाईने टेबल पुसले. मी त्याला म्हटले, "तुझी जागा मी हिसकावली. आणि त्या दिवशी तुझे पठण बरोबर होते."

त्याने खाली पाहिले. "मना कलला होता, उस्तादजी."

आमिरने त्याला आजाराचे सारे सांगितले आहे. मला सांगितले नव्हते, त्याला सांगितले. योग्यच केले. अरबाजने पुढचा बेतही सांगितला, लहान मुले वाळूत किल्ल्याचा नकाशा काढतात तसा बोटाने टेबलावर काढून. "फायनलला चंद्रहास सर दोघांना पण खेलवणार. आमिरभाई हितं उभे ऱ्हातील. जस्ट उभे. बॉल आणून देणार मी, त्यांनी पास दिला की परत धावणार मी. त्यांच्या वाटचा सगला मी धावणार."

"आणि दम लागला तर?"

"मना? मी वीस वर्षांचा हाय!" हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "तुमी फक्त दुआ करा. मोठ्याने नको."

मोठ्याने नको!

३१ जानेवारी, शुक्रवार, फजरनंतर

आज अंतिम सामना. आमिर पहाटेच उठून घोट्याला पट्टी बांधत बसला होता. जमिला आत पोळ्या करत होती, म्हणून मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितले — सुरुवातीलाच पाय मुरगळल्याचे सोंग कर. पड आणि उठू नकोस. लोक उचलून बाहेर नेतील. कुणाचा शब्द मोडत नाही, कुणाचा कागद लागत नाही.

तो हसला. कित्येक दिवसांनी, मान मागे टाकून. "अब्बा! तुमी मना लबाडी शिकवताव?"

"शिकवतो."

"सत्तर वर्षं नमाज पढून?"

"म्हणूनच."

त्याने पट्टीचे टोक दातांनी तोडले.

१ फेब्रुवारी, शनिवार

जिंकलो. आमिर जवळजवळ उभ्यानेच खेळला; अरबाज त्याच्या वाटचे धावला आणि शेवटी कडेला जाऊन ओकला. तरीही लोकांच्या ओठी नाव एकच होते. अबू फैसल बूट घालून हिरवळीवर आले, आमिरला मिठी मारली आणि सगळ्यांसमक्ष म्हणाले, "माग. आज जे मागशील ते दिले."

चंद्रहासरावांनी माझ्याकडे पाहिले. एक शब्द पुरे होता: स्टोअर. मी वाक्य जुळवीत पुढे झालो. आमिरने हात आडवा धरून मला मागे सारले आणि यार्डात शिकलेल्या मोडक्या अरबीत स्वतःच मागितले.

"अना अल्अब." मी खेळणार.

लग्नातही त्याचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता.